लोकोचं झाड आणि शेजाऱ्याची घोडी



"लोको" म्हटलं की आपल्या पिढीला परळचा रेल्वेचा कारखाना आठवतो. आमच्यातल्या एकीचे वडील तिथे फिटर होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कपड्यांना इंजिनाच्या तेलाचा वास यायचा, आणि "बाबा लोकोत आहेत" असं सांगताना छाती फुगायची. म्हणून 2018 साली आमच्या नातीने फोनवर "सावता, तुम्ही आलात की आपण लोको लावू" असं सांगितलं, तेव्हा तिला खेळण्यातली आगगाडी हवी आहे असंच आम्ही समजलो. अश्दोदच्या दुकानातून एक घेऊनही ठेवली. ती गाडी अजून तिच्या कपाटावर आहे.

मुलगा अमेरिकेत कोलोराडो राज्यात राहतो, फोर्ट कॉलिन्स गावाच्या उत्तरेला. घराभोवती एकरभर जागा, पुढे खडीचा रस्ता आणि पश्चिमेला रॉकी पर्वत. जागा समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर आहे. वर्षाचा पाऊस पंधरा-सोळा इंच. आपल्या अलिबागला एकट्या जुलैत याहून जास्त पडतो! पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हाला वाटलं, इथे काय उगवणार? पण मे-जूनमध्ये त्या कोरड्या उतारांवर पांढरी, जांभळी, गुलाबी तुऱ्यांची झाडं अशी फुलतात की गाडी थांबवून बघावं. त्यांतलं एक लोकोवीड. स्पॅनिश भाषेत लोको म्हणजे वेडा. वेडं तण. नाव असं का, ते पुढे येईलच.

झाड लहानसं, वीतभर, फार तर फूटभर उंच. खोड जवळजवळ नाहीच, सगळी पानं जमिनीलगतच्या गड्ड्यातून निघतात. पान चिंचेच्या पानासारखं, मधल्या दांडीच्या दोन्ही बाजूंना बारीक पानं, पण त्यावर चंदेरी लव असते. हात फिरवला तर रेशमासारखी लागते. पांढऱ्या जातीचं शास्त्रीय नाव ऑक्सिट्रॉपिस सेरिसिया. त्यातल्या सेरिसियाचा अर्थ रेशमी, आणि ऑक्सिट्रॉपिस म्हणजे टोकदार तळाची नाव, कारण फुलाची खालची पाकळी होडीच्या नाळेसारखी टोकदार असते. जांभळ्या जातीला लॅम्बर्टी म्हणतात. फूल बघून तुम्ही लगेच म्हणाल, अरे, हे तर वालाचं फूल! बरोबर आहे, जात तीच, शेंगांची. फुलं गेली की उभ्या, टणक शेंगा धरतात आणि वाळल्यावर बिया आत खुळखुळतात.

नातीला ही फुलं शाळेच्या सहलीत दिसली होती. तेव्हा ती आठ वर्षांची. तिच्या आईने रानटी झाडांच्या विक्रीतून बियांचं पाकीट आणून दिलं. पाकिटावर फुलाचं चित्र होतं, उंची होती, ऊन किती हवं ते होतं. विषाबद्दल एक शब्द नव्हता. आम्हीही विचारलं नाही. सुक्कोथ आणि सिम्हाथ तोरा आटोपल्यावर आम्ही तिघांनी मिळून तीस बिया लावल्या. जागा तिनेच निवडली, शेजारच्या कुंपणाला लागून. का? तर शेजारच्या आजोबांची घोडी रोज संध्याकाळी तिथे मान बाहेर काढून गाजरासाठी उभी राहायची, तिलाही फुलं दिसावीत म्हणून.

घोडीचं नाव बिस्किट. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, चौदा वर्षांची, स्वभावाने गाय. आमच्यासारखी म्हातारी माणसंसुद्धा तिच्या नाकावरून हात फिरवायची.

पुढच्या वर्षी, म्हणजे 2019 साली, शावूओथनंतर आम्ही परत गेलो. तीसपैकी अकरा बिया उगवल्या होत्या, प्रत्येकीला बोटभर पानं. नात उड्या मारत आम्हाला कुंपणापाशी घेऊन गेली. बिस्किट तिथे होती, पण गाजराकडे आली नाही. जमिनीवर कुंपणाच्या तारेची सावली पडली होती. ती सावली ओलांडताना तिने पाय असा उंच उचलला, जणू पुढे पायरीच आहे. मग डोकं खाली घालून उभी राहिली. पाण्याच्या टाकीत तोंड घातलं, ओठ हलवले, पण पाणी पोटात जाईना. अंग सुटलं होतं, केस राठ झाले होते. शेजारच्या आजोबांनी दावं घालायला हात वर केला, तर ही गरीब घोडी मागच्या पायांवर उभी राहिली आणि आडवी पडली.

संध्याकाळी जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. मुलाने विचारून येऊन सांगितलं, "लोको खाल्लंय म्हणतात."

त्या रात्री नात जेवली नाही. अंथरुणात तोंड घालून एकच वाक्य, "मी तिला मारलं." आम्ही दोघं स्वयंपाकघरात दिवा लावून बसलो. खरं सांगायचं तर आम्हालाही तेच वाटत होतं. बिया आपल्या हाताने लावल्या, कुंपणाला लावल्या, घोडीची मान जिथे पोचते तिथे लावल्या. आपण शनवार तेल्यांची मुलं. घाण्याचा बैल आधी खाणार, मग घरातली माणसं, हे ऐकत वाढलेलो. शेमाच्या दुसऱ्या भागात आधी गुरांच्या चाऱ्याचं नाव येतं, माणसाचं पोट भरणं त्यानंतर. म्हणून जनावराला घातल्याशिवाय आपण जेवू नये, असं आपले रब्बी शिकवतात. आणि आपण जनावराला काय घातलं, तर विष. पहाटे चारला आमच्यातला एक बॅटरी घेऊन बाहेर गेला आणि रोपं मोजून आला. अकराच्या अकरा होती, एकाचंही पान कुरतडलेलं नव्हतं. तरी मन मानेना.

सकाळी आम्ही दोघं नातीला घेऊन शेजारी गेलो आणि सगळं सांगितलं. आमचं इंग्रजी मोडकं, त्यांना कमी ऐकू येतं, मध्ये ही रडतेय. म्हातारा काही न बोलता कुंपणापाशी आला, गुडघा टेकून त्याने रोपं पाहिली आणि पोरीला जवळ घेतलं. ही सगळी रोपं मिळून घोडीचा एक घास होणार नाही, आणि एका घासाने काही होत नाही, असं त्याने समजावलं. एप्रिलच्या सुरुवातीला त्याने बिस्किटला भाड्याच्या कुरणात सोडलं होतं. गवत अजून सुकलेलंच होतं, आणि उतारावर हिरवं असं एकच काही होतं, लोको. दोन महिने ती तेच खात होती. चूक माझी आहे, मी उतार बघून यायला हवं होतं, असं तो म्हणाला. मग टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, पण कुंपणापाशी नको.

त्यानंतर आम्ही विचारपूस केली, वाचलं, मुलाकडून समजून घेतलं. ते इथे देतो, कारण कुणाकुणाची मुलं-नातवंडं त्या मुलखात आहेत.

हे झाड घोडी, गाय, मेंढी तिघांनाही बाधतं, घोड्याला सर्वांत जास्त. एका दिवसात नाही, दोन-तीन आठवडे रोज खाल्लं की. गाई-मेंढ्यांना लवकर बाजूला काढलं तर त्या बऱ्याच सुधारतात, पण गाभण मेंढी असली तर गर्भ पडतो किंवा पिल्लू व्यंग घेऊन जन्मतं. घोड्याच्या मेंदूला झालेली इजा मात्र भरून येत नाही. नंतर तो शांत दिसला तरी त्याच्यावर बसणं धोक्याचं. औषध नाही. झाडापासून दूर नेणं एवढाच उपाय. वाळलेल्या झाडातही विष टिकतं, तेव्हा गवताच्या गंजीत आलं तरी वाईट. पूर्वी लोक म्हणत की जनावराला याचं व्यसन लागतं, अफूसारखं. ते तसं नाही. सवय लागते, आणि एक खायला लागलं की बघून दुसरं खातं.

कोलोराडो सरकारने 1881 ते 1885 या काळात झाडं खणून आणणाऱ्यांना बक्षीस दिलं. त्यात जवळजवळ दोन लाख डॉलर गेले आणि झाड जिथल्या तिथे राहिलं. पंडितांचं तर झाड विषारी आहे की नाही यावरच एकमत होत नव्हतं, कारण तपासणीत काही सापडत नसे. मग 1905 साली मार्श नावाच्या शास्त्रज्ञाने कोलोराडोतल्या ह्यूगो गावी सरळ जनावरं बांधून त्यांना हेच झाड खायला घातलं आणि 1909 च्या अहवालात सिद्ध केलं की दोष झाडाचाच. गुराख्यांना ते आधीपासून ठाऊक होतंच म्हणा! विषाचं नाव कळायला आणखी सत्तर-बाहत्तर वर्षं लागली. ऑस्ट्रेलियात स्वेनसोना नावाच्या झाडात ते 1979 साली सापडलं होतं, म्हणून स्वेनसोनीन. 1982 साली तेच लोकोमध्ये मिळालं.

मुलांनो, ते काय करतं ते सोप्या भाषेत सांगतो. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत टाकाऊ माल तोडून साफ करणारे कामगार असतात. स्वेनसोनीन त्यांतल्या एकाचे हात बांधून ठेवतं. मग मोरीच्या जाळीत खरकटं अडकावं तसा माल साचत जातो. मेंदूच्या पेशी तुंबल्या की घोड्याला सावली पायरीसारखी दिसते.

पण गंमत पुढेच आहे. हे विष झाड स्वतः बनवतच नाही! 2003 साली न्यू मेक्सिकोच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की झाडाच्या आत एक बारीक बुरशी राहते, ती हे बनवते. बाहेरून काही दिसत नाही. आईकडून मुलीकडे दागिना जावा तशी ती बियांतून पुढच्या झाडात जाते, बहुतेक करून बीच्या सालीतून. जिथे बुरशी नाही तिथे विष नाहीच्या बरोबर. जांभळ्या लॅम्बर्टीच्या काही रानांत ती सापडतच नाही. मात्र डोळ्यांनी फरक कळत नाही, म्हणून प्रत्येक झाड विषारीच धरावं.

आणि हे वाचताना आम्हाला एकदम गावचं तळं आठवलं. तळ्याकाठची बेशरम आठवते ना? फिकट जांभळी कर्ण्यासारखी फुलं, फांदी मोडून फेकली तरी रुजणारी. दुष्काळात शेळीने दुसरं काही न मिळाल्याने ती खाल्ली की तिची मान लटलट हलायला लागते आणि पाय लटपटतात. त्या बेशरमेतही हेच स्वेनसोनीन आहे, तिथेही एका बुरशीचंच काम. बेशरमही मूळची अमेरिका खंडाचीच.

दुसरी आठवण तोराहची. वायेशेव परशात योसेफाला विकत घेणारा उंटांचा काफिला गिलादहून येतो, आणि उंटांवर लादलेल्या मालात नेखोत असतं. पुष्कळ अभ्यासकांच्या मते नेखोत म्हणजे ॲस्ट्रागॅलस जातीच्या काटेरी झुडपाचा डिंक. ॲस्ट्रागॅलस हे लोकोचं सख्खं चुलत भावंड. अमेरिकेत त्याच्याही काही जातींना लोकोच म्हणतात, पण डिंकाची झुडपं निराळी. इस्राएलात त्याच्या अनेक जाती वसंतात फुलतात. गालीलच्या किंवा नेगेवच्या डोंगरावर फिरायला गेलात तर खाली वाकून बघा. बघा, तोडू नका.

आता आमच्या रोपांचं. नातीचा हट्ट होता की उपटायची नाहीत, घराच्या दुसऱ्या बाजूला नेऊन लावायची. पाच रोपं आम्ही फावड्याने मातीसकट उचलायला गेलो. वर बोटभर पान आणि खाली फूटभर सोटमूळ! पाचही मुळं तुटली. दोन आठवड्यांत पाचही रोपं वाळली. उरलेली सहा नातीनेच उपटून पिशवीत बांधली, कचऱ्याच्या खतात टाकली नाहीत. उपटून दुसरीकडे लावलेल्या माणसांची उपमा द्यायचा मोह इथे कुणालाही होईल. पण आपण तर जिथे नेलं तिथे रुजलो, दिमोनाच्या वाळूतसुद्धा. हे झाड रुजत नाही. तेव्हा उपमा चुकीची.

म्हणून पहिला नियम, हे झाड जिथे हवं तिथेच बी लावावं. रानातून खणून आणू नये, ते जगत नाही आणि रानाचंही नुकसान होतं. ज्यांच्याकडे घोडा, गाय, शेळी, मेंढी आहे, किंवा कुंपणापलीकडे आहे, त्यांनी कुंपणाजवळ लावूच नये. आम्ही दुसऱ्यांदा जागा धरली ती स्वयंपाकघराच्या खिडकीखालची, जिथे चार पायांचं कुणी पोचत नाही. तिथली माती चिकट. ती काढून दीड हात उंच दगडी वाफा केला, त्यात अर्धी वाळू, अर्धी बारीक खडी आणि थोडीशीच माती घातली. खत बिलकूल नाही. शेंगांच्या जातीची झाडं मुळांच्या गाठींतल्या जंतूंकडून आपलं खत आपणच मिळवतात. त्यासाठी शेजारच्या आजोबांनी उतारावरची मूठभर माती आणून दिली. हो, त्यांनीच. बिस्किट तेव्हा मागच्या गोठ्यात होती आणि आम्ही काही विचारलं नाही.

बी वाटाण्यासारखं नरम नसतं, साल दगडासारखी. आमच्या पहिल्या तीसपैकी एकोणीस बिया का उगवल्या नाहीत ते तेव्हा कळलं. पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन प्रत्येक बी दोनदा हलक्या हाताने घासायचं, आतला पांढरा गर दुखावता कामा नये. मग रात्रभर पाण्यात. सकाळी जी फुगली ती तयार, जी फुगली नाही ती पुन्हा घासायची. म्हाताऱ्या डोळ्यांना हे काम अवघड, नातवंडांना छान जमतं. नंतर हात धुवायचे आणि भिजवलेलं पाणी जनावर पिईल अशा जागी ओतायचं नाही. पाव इंच खोल, एकेक फुटावर बी टाकून वर बारीक खडी पसरायची. मुलामाणसांना कंटाळा असेल तर न घासताही ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरून मोकळं व्हावं, हिवाळ्याचा गारठा आणि बर्फ साल हळूहळू फोडतात. मात्र उगवण कमी होते.

पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी. पुढे जवळजवळ नाहीच. हे आपल्या लोकांना जमत नाही, झाड दिसलं की लोटा घेऊन धावतो. आमच्यातल्या एकीने असंच लाडाने पाणी घालून एक झाड कुजवलं. दिवसभर ऊन पाहिजे, सावलीत झाड लांबुळकं होऊन मरतं. आणखी एक वैरी आहे. आपल्याकडे तांदळात सोंडे होतात ना, त्याच घराण्यातला एक किडा. त्याची अळी सोटमूळ आतून पोखरते. वरून झाड ठीक दिसतं आणि एके दिवशी हाताला सुटून येतं. रानात दुष्काळ आणि हा किडा मिळून लोकोची संख्या आपोआप कमी करतात, सरकारच्या दोन लाख डॉलरांना जे जमलं नाही ते.

फुलायला दोन-तीन वर्षं लागतात. 2020 साली कोरोनामुळे आम्ही गेलोच नाही, फोनवर नुसती पानं बघितली. 2022 च्या मे महिन्यात पहिले तुरे आले. सात झाडं पांढरी आणि एक फिकट जांभळं, कारण रानात पांढऱ्या-जांभळ्याचं मिश्रण सहज होतं. आम्ही खिडकीशी बसून चहा प्यायलो आणि दिवसभर तिथून हललो नाही. सकाळी मंद गोड वास येतो.

बिस्किट वर्षभर होती. उन्हात शांत उभी राहायची, गाजर घ्यायची, पण आवाज झाला की भिंतीवर जाऊन आदळायची. 2020 च्या उन्हाळ्यात शेजारच्या आजोबांनी डॉक्टरांना बोलावून तिला झोपवलं. नातीला आधी सांगितलं होतं. तिने शेवटचं गाजर दिलं, आणि फोनवर आम्हाला एवढंच म्हणाली की ती त्या दिवशी सावलीला घाबरली नाही.

आता नात मोठी झाली आहे. शेजारी नवी घोडी आली आहे, पण कुंपणाशी लोको नाही. दर वर्षी जूनच्या शेवटी, शेंगा वाळून फुटायच्या आधी नात आणि ते आजोबा मिळून सगळ्या दांड्या कापतात, म्हणजे बी वाऱ्याने शेजारी जायला नको. आजोबा खुर्चीत बसून मोजतात, ही कापते. यंदा एकेचाळीस दांड्या झाल्या. त्या कागदी पिशवीत भरून तोंड शिवलं आणि पिशवीचा फोटो आम्हाला पाठवला. पिशवीवर तारीख आहे आणि "विष" हा शब्द तीन भाषांत लिहिला आहे, इंग्रजीत, हिब्रूत आणि मराठीत. मराठीतला "वीष" असा, दीर्घ.

आम्ही तो दुरुस्त केलेला नाही.